गजाच्या माशीचा भाव

मी बांबूचं टोक निखिलकडे केलं, गजा. तुझ्याकडे केलं नाही.

तो जवळ होता आणि तू लांब होतास, असं मी पोलिसांना सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. बांबू तुझ्यापर्यंतही पोचला असता, मला फक्त कमरेपर्यंत पाण्यात उतरावं लागलं असतं. मी तुम्हा दोघांकडे पाहिलं. निखिल हात आपटत होता, आ वासून ओरडत होता, त्याला पोहता येत नव्हतं. तू ओरडत नव्हतास. तू ढिवराचा पोरगा, चालायच्या आधी कन्हान नदीच्या पाण्यात हातपाय मारायला शिकलेला. मला वाटलं, हा येईल. मी वाळूत टाचा रोवून बसले आणि त्या पोराला बांबूवर ओढून घेतलं. तो काठावर पालथा पडून ओकायला लागला, तेव्हा मी मान वर केली. पाणी सपाट होतं.

भेटायला येणारे विचारतात, "त्यानंच सांगतलं असंल नं बाई, आधी त्याले काढ म्हणून?" त्यांना तसंच ऐकायचं असतं. तसं ऐकलं की चहा नीट घशाखाली उतरतो. मी नाही म्हणते. तू काही म्हणाला नाहीस. तुझं तोंड पाण्याखाली होतं.

आपल्या समाजाचा अंक काढणाऱ्यांनी सांगितलं, भावावर काही लिहून द्या. जन्म कुठला, नोकरी कुठली, हे त्यांनी आधीच छापायला घेतलं आहे. त्यात तू मनमिळाऊ आहेस. तू मनमिळाऊ नव्हतास, हट्टी होतास. माझी शाळा चौथीपर्यंतची, सजवून लिहायला येत नाही. वाचणाऱ्यांनी वाचावं, मी बोलते आहे तुझ्याशी.

आपल्या बापाचा नियम तुला ठाऊक आहे. पुराच्या दिवसांत तो डोंगा घेऊन माणसं काढायचा. दोघं बुडत असले तर पोहता न येणाऱ्याला आधी हात द्यायचा. पोहणारा दम धरतो. या नियमानं बापानं कितीतरी माणसं काठाला लावली, आणि मागे ठेवलेला पोहणारा त्याच्या हातून कधी गेला नाही. मी त्या सकाळी विचार वगैरे काही केला नाही. विचार करायला वेळ लागतो. मी बापाचं ऐकलं. बापाच्या नियमात रबराची पँट नव्हती.

ती पँट तू माश्यांच्या भावात घेतलीस. तिथपर्यंत सरळ सांगत येते.

खाणीच्या ऑफिसात तू चपराशी होतास. एक साहेब बदलून जाताना कपाटातला पसारा टाकून गेला, त्यात एक चपटी पत्र्याची डबी होती. ती तू घरी आणलीस. आत गळ होते आणि प्रत्येक गळावर पीस, केस आणि रेशीम असं बांधलेलं, की लांबून माशी वाटावी. गांडूळ नको, पीठ नको, ही खोटी माशी पाण्यावर फेकायची आणि माशाला फसवायचं. मी म्हटलं, फेक ते. तू त्यातली एक घेऊन खिडकीशी बसलास आणि सुईनं उसवायला लागलास. एकेक वेढा सोडवत गेलास. शेवटी कागदावर एक गळ, एक पीस आणि हातभर रेशीम उरलं. मग तेच तू परत बांधायला घेतलंस. जमेना. पिसाला आईबहिणीवरून शिव्या दिल्यास. पुढच्या इतवारी पुन्हा बसलास.

असा तू शिकलास. कोणी शिकवलं नाही, नंतर फोनवर पाहून सुधारलास. निवृत्त झाल्यावर तर तेच धरलंस. कामठीच्या एका घड्याळवाल्यानं दुकान बंद केलं, त्याचा लहानसा शिकंजा तू आणलास आणि त्यात गळ अडकवून माश्या बांधू लागलास. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं, शेजारच्या बकरीच्या शेपटीचे केस. बकरीवालीनं तुला कातरीसकट पकडलं तेव्हा मीच मध्ये पडले. लकडगंजला आरामशीनवर सागाच्या फळ्या चिरतात, तिथले तुकडे मागून आणून तू डब्या केल्यास. गाठ पक्की राहावी म्हणून तिच्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचास. ते आणायला गेलास तेव्हा दुकानदार म्हणाला, "काय गा गजाभाऊ, या वयात जमलं का कुठं?" जन्मभर बिनलग्नाचा माणूस तू. तू त्याला म्हणालास, "जमलं नं. लय आहेत. साऱ्या डबीत झोपते." गल्लीत महिनाभर तेच चाललं.

माझा जन्म मासळी विकण्यात गेला. आधी डोक्यावर टोपली, मग कामठीच्या बाजारात ओटा. त्यामुळे तुझ्या छंदातलं मला एकच कळेना.

"मासा धरते, आन् सोडून देते?" मी विचारलं.

"हो."

"मंग धरते कायले?"

"पाहाले."

"पाहाले बाजारात ये. ओट्यावर फुकट दाखवते, मांडून."

तू हसलास. "तुह्या ओट्यावरचा मेलेला रायते वं बाई."

मी टोपली धुवायला घेतली.

पण आपलं खरं भांडण त्यावर नव्हतं. ते भावावर होतं, आणि ते मिटलं नाही.

तुझी पहिली विक्री मी डोळ्यांनी पाहिली. मी बाजारातून रिकामी टोपली घेऊन येत होते. जुन्या पुलाखाली नागपूरचा एक माणूस काठी आणि चकरी घेऊन उभा होता आणि तू त्याला डबी उघडून दाखवत होतास. त्यानं भाव विचारला. तू म्हणालास, "बोहणी आहे साहेब. द्या जे द्याचं ते." त्यानं एका माशीचे वीस रुपये दिले. तू नोट कपाळाला लावलीस, आई लावायची तशी.

बोहणी म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. देईल ते घ्यायचं, कपाळाला लावायचं, खोचायचं. आणि त्याची पाठ वळली की आपला खरा भाव सुरू करायचा. हे दुसरं तू केलंच नाहीस. दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला वीस. पुढच्या वर्षीही वीस. गळच कोलकात्याहून पोस्टानं यायचा, तोच बाराला पडायचा. मी तुझ्यासमोर बसून बोटांवर मांडलं. गळ, रेशीम, पीस, मेण, ते नखाचं औषध, सागाची डबी.

"आन् तुहा वेळ? एक बांधाले तास घालवते तू."

"हौस आहे. हौशीत कुठं तास मोजते?"

"हौस आहे तर फुकट दे. विकून राहिला तर भाव सांग. हे मधलं काय लावलं?"

"बोहणीचा भाव आहे तो."

"बोहणी एका सकाळची रायते, गजा. दहा वर्षांची नाई रायत."

"माही सकाळ लांबली वं," तू म्हणालास आणि पिसाला मेण लावायला लागलास.

तुला भाव सांगायची लाज वाटायची. ढिवराच्या घरात जन्मून भावाची लाज वाटणारा तू एकटाच. आई उन्हात बसून गिऱ्हाइकाशी आण्याआण्यावर भांडायची, ते तुला लहानपणी बघवायचं नाही, तू ओट्याच्या मागे जाऊन बसायचास. मला ते आठवतं. पण त्याच भांडणावर तू दहावी झालास. मी चौथीत शाळा सोडून आईच्या ओट्यावर बसले म्हणून तू वर्गात बसलास. हे मी तुला कधी ऐकवलं नाही, आताही ऐकवायला लिहीत नाही. फक्त भाव सांगण्यात कमीपणा नसतो, एवढं तुझ्या डोक्यात घालायचं होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही.

स्वस्त दिल्यानं माल खपतो असं तुला वाटायचं. उलट होतं. मासळी स्वस्त सांगितली की गिऱ्हाईक आधी कल्ला उचलून आत लाल आहे का बघतं, मग नाक लावतं. तुझंही तेच झालं. बंगळूरच्या कोण्या शौकिनानं डबीभर माश्या मागवल्या आणि भाव ऐकून नको म्हणाला. वीस रुपयांत बांधलेली पहिल्या फेकीत सुटेल, म्हणाला. तुझी माशी मी दातानं ओढून पाहिली होती, सुटली नव्हती. दात हलला. तू त्या नकाराचं वाईट वाटून दोन दिवस शिकंज्याला हात लावला नाहीस. मी म्हटलं, आता तरी वाढव. तू म्हणालास, "अठरा करू का?"

मी त्या दिवशी तुला जेवायला वाढलं नाही. तू हातानं घेतलंस, आणि माझंही ताट केलंस.

माश्यांना नावं असतात हे तुला कोणीतरी सांगितलं. मग तूही ठेवलीस. एक काळी मिरची, एक नवरदेव. एक नुसती काळी, मानेशी लाल दोरा. तिचं नाव ठेवलंस 'बाई', मला हाक मारायचास तेच. मला राग आला नाही. पण तू गिऱ्हाइकाला म्हणालास, "ही बाई. ही पंधराले."

तो गेल्यावर मी धरलं तुला. "बाकी साऱ्या वीस, आन् माह्या नावाची पंधरा?"

"तिच्यात पीस कमी लागते वं."

"नाव बदल नाईतर भाव बदल."

"बाई सगळ्यात जास्त खपते. मासे तिलेच घाबरून तोंड उघडते."

मला हसू आलं, ते मी दाबलं. तू पाहिलंसच. भाव पंधराच राहिला.

तुझी एक रीत मात्र मला पटायची. पाणी दाखवल्याशिवाय माशी विकायची नाही. नवं जाळं बाप आधी नुसतं नदीत भिजवून यायचा, तशी तू प्रत्येक माशी काठीला लावून वाहत्या पाण्यात सोडून बघायचास. वाकडी तरंगली, गिरक्या घ्यायला लागली की ब्लेडनं कापून गळ मोकळा करायचास. तासाचं काम क्षणात कापून टाकताना तुझा हात थांबायचा नाही. घरच्या बादलीत बघ म्हटलं तर म्हणायचास, बादलीचं पाणी उभं असतं, उभ्या पाण्यात सगळ्याच सरळ दिसतात. म्हणून रोज सकाळी नदीवर.

मग निखिल आला. नागपूरच्या बेसाला राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो, बायको आणि लहान मुलगी आहे. सुट्टीला कन्हानवर यायचा. त्यानं तुझ्या माश्या डोंगरातल्या नदीत महासीर माशांवर वापरल्या आणि परत येऊन तुझ्या पाया पडला. मला पोरगा बरा वाटला, कारण तो माझ्या बाजूनं बोलला.

"काका, तुम्ही भाव वाढवा नं. बाहेर अशीच दीडशेले विकते."

"बाहेरचं बाहेर," तू म्हणालास.

"मावशी, तुम्ही सांगा याईले."

"मी सांगून सांगून म्हातारी झाली. तुले नाई म्हणाले लाज वाटंल त्याले, तूच सांग."

त्याच्या मित्रांना साठ माश्या हव्या होत्या. तू काही बोलायच्या आत मी म्हटलं, शंभर रुपये एकीचे. निखिल लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मला वाटलं सव्वाशे म्हणायला हवं होतं. तू खाली बघत होतास, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत. त्याच्या गाडीत मागे एक जुनी रबराची पँट पडली होती, छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेले. ती घालून थंडीत पाण्यात उभं राहता येतं. तू ती उचललीस, आतून हात घालून पाहिलीस. "ही देता का?" तू म्हणालास. "ही द्या, आन् माश्यांचे आपले वीसच ठेवा."

मी गिऱ्हाइकासमोर तुला वेडा म्हटलं. आणखीही म्हटलं. निखिल गोंधळून गेला, म्हणाला, काका, पँट तशीच घ्या, पैसेही घ्या. तू ऐकलं नाहीस. फुकट घ्यायचीही तुला लाज. असा सौदा झाला.

त्या पँटीचा तुला किती आनंद झाला! घरात घालून फिरलास. मी म्हटलं, पखाल घातली का गा? भिस्ती दिसून राहिला. तू म्हणालास, "बाई, गुडघे दुखत नाई आता पाण्यात. पह्यल्यांदा नाई दुखत." गुडघ्यांचं तू मला आधी कधी सांगितलं नव्हतंस. इतक्या वर्षांत त्या एका गोष्टीवर मी माझी हार मानली होती, तू माझ्याकडे बघितलं असतंस तर तुला कळलं असतं.

माझा नवरा गेला तेव्हा मला सासरी कोणी ठेवलं नाही, माझ्या पोटी कोणी नव्हतं. तू घ्यायला आलास. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जायच्या आधी सायकलवर बर्फाची लादी बांधून माझ्या ओट्याशी टाकून जायचास. उन्हाळा, पाऊस, ताप आलेला असो. मी एकदाही बरं केलंस म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणत नाहीत. इतकी वर्षं माझी मासळी ताजी राहिली ती तुझ्या बर्फावर, आणि त्याचा भाव मीही कधी लावला नाही.

त्या सकाळी मी सोबत यायचं कारण काही मोठं नव्हतं. थंडी नुकती पडायला लागली होती, डॉक्टरनं मला चालायला सांगितलं होतं, डोंग्याचा जुना बांबू मी काठीसारखा धरून चालायचे. निखिल बेसाहून माश्या बघायला आला होता. तू पँट घालून कमरेइतक्या पाण्यात गेलास. डाव्या हाताला तळ सारखा होता, तिथं आपण जन्मभर उतरलो. उजवीकडे यंदा मशीननं वाळू उपसली होती. पावसाळ्यात नदीनं वरून पाणी पांघरलं, खालचा खड्डा कोणाला दिसत नव्हता. कोणी उपसली ते गावाला माहीत आहे. ज्यांनी लिहून घ्यायला पाहिजे त्यांनी लिहून घेतलं नाही.

एक माशी प्रवाहात उजवीकडे गेली. तू तिच्या मागे दोन पावलं टाकलीस. ती सरळ तरंगत होती, तू तिच्याकडे बघत होतास, पायाखाली नाही. खड्ड्याचा काठ खचला आणि तू खाली गेलास. निखिल धावला. त्यानं विचार केला नाही, आणि पोहता येत नव्हतं तरी धावला, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. पुढचं मी सांगितलं आहे.

तुला आपल्याच लोकांनी काढलं, आपल्याच जाळ्यानं. दुपार झाली होती. पँट निघेना. सुरीनं कापली तेव्हा आतून पाणी आणि वाळू पडत राहिली, पडत राहिली. त्या पँटीला वरून कमरेला पट्टा आवळायचा असतो, म्हणजे आत पाणी शिरत नाही. निखिल रडत पोलिसांना सांगत होता की काकांना पट्टा बांधायला सांगितलं होतं. सांगितलं असेल. तू ऐकलं नसशील. तो पट्टा घरी खुंटीवर होता, त्याच्यावर तू पिसं वाळत घातली होतीस.

तेराव्याला चुलतभावाची बायको कमला आली. पुरणपोळी खाऊन झाल्यावर तिला धीर आला.

"बाई, रागावू नका. पण हाताचा भाऊ सोडून लोकाचं पोरगं काढलं तुमी?"

"पोरग्याले पोहता येत नव्हतं."

"पण भाऊ तो भाऊ."

"पुढच्या खेपेले तू ये बांबू घेऊन. मी खड्ड्यात उतरते, तू पाह्य कोणाले काढाचं ते."

ती उठून गेली. कमला बोलली ते बाकीच्या बायका पोटात ठेवून आहेत, एवढाच फरक. मला त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की तू मला विचारू शकत नाहीस. कमलाला मी उत्तर देते, पोलिसांना देते. ज्याला द्यायला पाहिजे तो समोर नाही.

निखिल परवा आला, बायकोला घेऊन. बारीक झाला आहे. खोकला जात नाही, छातीत पाणी गेलं होतं. त्यानं जाड पाकीट पुढे ठेवलं.

"हे कायचे?"

"मावशी, काकांच्या माश्यांचे."

मी डबी आणली. पाणी दाखवलेल्या तू वरच्या खणात ठेवायचास, न दाखवलेल्या खालच्या. वरच्या मी त्याच्यासमोर मांडल्या. एकीचे शंभर, म्हटलं. तो म्हणाला, सगळ्याच घेतो, खालच्याही. मी म्हटलं, खालच्या विकायच्या नाहीत, त्यांनी पाणी पाहिलेलं नाही. त्यानं पाकीट माझ्याकडे सरकवलं. मी झालेले तेवढे काढून घेतले आणि बाकी त्याच्या हातात परत दिले.

"ठेवा नं मावशी. माह्याकडून."

"भाव सांगतला तेवढाच घेत असते मी. त्याच्यावर घेतलं तर ते काय झालं?"

त्याला कळलं मला काय म्हणायचं आहे. पाकीट देऊन त्याला मोकळं व्हायचं होतं, आणि मी ते होऊ दिलं नाही. जिवाचे पैसे माझ्याकडे कोणी ठेवून जायचे नाहीत. माश्यांचा भाव मात्र मी पुरता घेतला. शंभर. तुझ्या माशीला पहिल्यांदा तिचा भाव आला, गजा. मला वाटलं होतं त्या दिवशी मला बरं वाटेल.

त्याची बायको भिंतीकडे बघून रडत होती. तो जायला उठला, दारात थांबला आणि फिरून आला.

"मावशी, तुमी मले काहून काढलं?"

पहिल्यांदा कोणी मलाच सरळ विचारलं होतं.

"तुले पोहता येत नव्हतं म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. तू कोण, कोणाचा, हे मी पाह्यलं नाई. तुह्या जागी कमला असती तर तिलेही काढली असती."

तो खाली बसला. मोठा माणूस लहान पोरासारखा मुसमुसून रडला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. रडून झाल्यावर म्हटलं, "आता पोहाले शीक. पोरीलेही शिकव." तो हो म्हणाला.

तुलाही माझं उत्तर तेच आहे, गजा. वेगळं काही शोधून ठेवलेलं नाही. पुन्हा तीच सकाळ आली, पँट आणि पट्ट्याचं मला काही माहीत नसलं, तर मी पुन्हा बांबू तिकडेच करीन. पट्ट्याचं माहीत असतं तर तुझ्याकडे केला असता आणि त्या पोराला जाऊ दिलं असतं. हेही खरं आहे, आणि हे मी त्याला सांगितलं नाही. यावर तू काय म्हणाला असतास हे लोक मला समजावून सांगतात. गजाभाऊ देवमाणूस, त्याला आनंदच झाला असता, म्हणतात. तुला आनंद झाला नसता. तुला जगायचं होतं. साठांतल्या पंचवीस माश्या बांधायच्या बाकी होत्या आणि गुडघे पहिल्यांदाच दुखायचे थांबले होते.

त्या सकाळी कन्हानवर आपण तिघं गेलो होतो. निखिल जगला. मी जगले.